काचपेटीतला गारवा

अप्पा, घरात सध्या एक झाड आहे आणि त्याला आपल्याकडचं ऊन सोसत नाही. झाड कसलं, मूठभर शेवाळात बसलेली चार-सहा पानं, करंगळीच्या पेराहून मोठी नाहीत. ऑर्किड म्हणतात त्याला. थंड डोंगरातलं, धुक्यात वाढणारं, त्यातही बुटक्या जातीचं. तुमच्या नातीनं ते पहाडातल्या रोपवाटिकेतून मागवलं, हिवाळाभर जपलं, आणि नोकरी लागली तशी माझ्या हवाली करून पुण्याला गेली. होस्टेलच्या खोलीत तिलाच जेमतेम जागा. तिला तुम्ही पाहिलेलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा माझं लग्नही झालेलं नव्हतं. जाताना म्हणाली, "पप्पा, गरम झालं तरी ते काही सांगत नाही. गुपचूप मरून जातं. एवढा मे काढा." मग पानांच्या बुडाशी तिनं मोहरीएवढी कळी दाखवली. मे काढायचा, तोही संभाजीनगरात, हे म्हणजे बर्फाचा गोळा खिशात घालून दौलताबादचा किल्ला चढण्यासारखं होतं. पण पोरीनं विश्वासानं दिलेलं. नाही कसं म्हणणार?

मग मी तुमचाच उद्योग मांडला. माशांची जुनी काचपेटी आडवी केली, एका बाजूला वाळ्याचं गवत भरलेली जाळी, तिच्यावर थेंब थेंब पाणी सोडणारा छोटा पंप, कॉम्प्युटरमधून काढलेला पंखा, आणि समोरच्या बाजूला हवा जायला एक झडप. तुमची सून बघत होती. म्हणाली, "माणसांना टँकरचं पाणी आन् ह्याला फिल्टरचं. जावयाचेही एवढे लाड नाय व्हायचे." पंप सुरू झाला, गवत भिजलं, आणि तो वास आला. त्या वासाबरोबर मी थेट बजाजनगरला, आपल्या जुन्या घरी. पहिली पाळी करून तुम्ही आलेले आहात, कंपनीचा शर्ट खुंटीला, आणि बनियनवर गल्लीत उकिडवे बसून कुणाच्या तरी कूलरचं गवत बदलताय. अख्ख्या गल्लीचे कूलर तुमच्या हातून गेलेले. आपला शेवटी. मग दुपारी मी त्याच्यापुढे फरशीवर आडवा होतो, पत्र्यामागं पाणी झिरपत असतं, डोळे मिटले की खोली हळूहळू पाण्यावरून कुठंतरी निघालेली असते. तुम्ही शेजारी पडलेले, एक हात कपाळावर. आपण दोघं कुठं जायचो कोण जाणे, पण तिथं उन्हाळा नसायचा.

मे लागला आणि झाडानं मान टाकली. पंप चालू, पंखा चालू, पाण्यातही काही खोट नाही, तरी पानं मलूल पडलेली आणि शेवाळाला कुबट वास. कळी तेवढी तग धरून होती, पण देठाशी पिवळसर. लेकीला रोज फोनवर "मस्त आहे" सांगत होतो. दुपारच्या झळा सुरू झाल्या तशी केलेला गारवा वाया जाऊ नये म्हणून मी झडप घट्ट लावून टाकली होती, वर फटीत चिंध्या कोंबल्या होत्या. त्या दिवशी पेटीपुढे बसून राहिलो. बसल्या बसल्या डोळा लागला असेल. आणि पाठीमागून कुणीतरी म्हणालं, "अरं येड्या, कूलर हाय त्यो, फ्रीज नाय. खिडकी उघड. आतली हवा भाईर गेल्याबिगर नवी कुठून यील? गारवा कोंडून ऱ्हात नसतो."

मी दचकून मागं पाहिलं नाही. मला माहीत होतं. पाहुणे येणार म्हणून मी लहानपणी खिडक्या-दारं लावून कूलर सोडला होता आणि सगळे घामानं निथळत बसले होते, तेव्हा पाळीवरून येऊन तुम्ही असंच रागावला होतात. उठलो, चिंध्या ओढून काढल्या, झडप उघडली. कोमट, दमट हवा हातावर आली आणि तिच्यामागून गार. पानं सावरायला वेळ लागला. पण कळी राहिली, आणि परवा उमलली. तांदळाच्या दाण्याएवढं शेंदरी फूल. तुमची सून चष्मा लावून म्हणाली, "एवढ्यासाठी?" तरी दिवसातून चारदा जाऊन बघते. लेक फोनवर नुसती हसत राहिली, मग रडली.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीच, म्हणून लिहितो. अप्पा, तुमचा चेहरा फोटोत आहे, शर्ट आईनं जपला होता, पण तुमचा आवाज माझ्याकडून कधीच हरवला होता. किती वर्षं आठवायचा प्रयत्न करत होतो, कुणाला सांगितलं नाही. तो त्या दुपारी आला. आता घरात कुणी नसलं की मी कधीकधी ती झडप मुद्दाम लावून घेतो, थोडा वेळच, आणि डोळे मिटून तुमच्या रागावण्याची वाट बघत बसतो.