सिग्निफिकंट डिफरन्ससाठी तीन कुंड्या

सर, तुम्ही गेल्यापासून झाशीच्या या कॉलेजात माझ्याशी मराठीत बोलणारं कुणी उरलं नाही. घरी मुलाला मराठीत विचारलं तर तो हिंदीत उत्तर देतो. त्यामुळे हे लिहिताना हात जरा अडखळतोय, समजून घ्या. समजून घेणं तुमच्या स्वभावात नव्हतं म्हणा.

माझ्या प्रबंधाचा पहिला मसुदा तुम्ही वाचलात तो दिवस मला स्वच्छ आठवतो. पेरण्याआधी बी ताकात भिजवलं तर हरभरा जास्त वाढतो का, एवढाच माझा विषय. पानोपानी मी ऐटीत ‘सिग्निफिकंट डिफरन्स’ लिहून ठेवलं होतं, कारण सगळ्या इंग्रजी पेपरांत तेच असायचं. तुम्ही लाल पेन काढलंत आणि एकेक खोडत गेलात. "अगं, दागिना आहे का हा, मिरवायला? डोळ्यांना दिसणारा फरक नुसता योगायोगही असेल. आधी आकड्यांना संख्याशास्त्राची टेस्ट लाव. टेस्ट हो म्हणाली तर लिही, नाहीतर गप्प बस." सगळी स्टाफरूम बघत होती. भाषा कळली नाही तरी बोलणी खाणारा माणूस सगळ्यांना ओळखू येतो. मला रडू आलं, आणि तुमचा रागही आला.

मग मी टेस्ट लावली. ती नाही म्हणाली. ताकाच्या तीन कुंड्यांतली रोपं खुरटली होती. तेवढ्या वगळल्या तर मात्र उत्तर हो येत होतं. दोन दिवस मी ते आकडे पुन्हापुन्हा मांडत बसले. तिसऱ्या दिवशी तुमच्यासमोर उभी राहून म्हणाले, "सर, तीन कुंड्या माकडांनी खाल्ल्या." कॉलेजच्या गच्चीवर माकडांचा रोजचाच धिंगाणा, त्यामुळे त्यात नवल वाटण्यासारखं काही नव्हतं. तुम्ही "अरेरे" म्हणालात, आणि ‘सिग्निफिकंट’ हा शब्द मला लिहू दिलात.

त्या रविवारी तुमच्याकडे आले तर तुम्ही स्वयंपाकघरात फतकल मारून बसलेले, बडा बाजारातून आणलेली तारेची जाळी कापताय. काकू पोळ्या लाटता लाटता करवादतात, "उद्या पोळीत तार निघाली तर मला बोलायचं नाही हं." तुमच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली. "गेलं ते गेलं," तुम्ही मला म्हणता, "पुढच्या हंगामात लावशील तेव्हा एका पानालाही धक्का लागता कामा नये." मी तिथेच जेवले, चांगली पोटभर. पुढच्या हंगामात मी काही लावलंच नाही. प्रबंध मंजूर झाला आणि त्याच्यावर नोकरी लागली.

यंदा चिरगावची एक मुलगी माझ्या हाताखाली संशोधन करते आहे. माझाच प्रयोग तिने पुन्हा केला, मोठ्या निगुतीने, दोन हंगाम, आणि दोन्ही वेळा फरक आला नाही. परवा वही घेऊन आली, डोळे सुजलेले. "मैडम जी, आपके में तो सिग्निफिकेंट आया था। गड़बड़ मुझसे ही हुई है।" तिसऱ्यांदा करते म्हणाली. घरी तिच्या लग्नाचं घाटतंय. आणखी एक हंगाम गेला तर तिचं शिक्षण सुटणार, हे तिलाही ठाऊक आणि मलाही. मी तिला घरी पाठवली आणि दोन दिवस मूग गिळून बसले. निवृत्तीला थोडंच राहिलंय, कशाला उकरून काढायचं, असंही मनात आलं.

आज सकाळी तिला बोलावून सांगितलं, तुझं बरोबर आहे, खोटं माझ्या प्रबंधात आहे. तिने वही उघडून पेन काढलं. मग म्हणाली, "तो मैं आपके वाले के बारे में क्या लिखूँ?"

"जो अभी बताया, वही लिखो। साइन मैं करूँगी।"

तिने वही मिटली. बस चुकेल म्हणून उठली, पण दारात थांबली. "डर के मारे किया था न, मैडम जी?"

मी हो म्हटलं. तिला तेवढंच सांगता आलं. खरं तर मला तुमची भीती वाटली नव्हती, सर. तुम्ही गच्चीवर जाऊन कुंड्या बघणार नाही, माझ्या शब्दावर विश्वास ठेवाल, याची मला पक्की खात्री होती. म्हणूनच मी खोटं बोलले.