चिकाच्या डागांचा शर्ट

नाना, उद्या सकाळी मी पुन्हा अंदमानला निघाले आहे, आणि दुपारपासून मेहरूणच्या आपल्या घरात पुढच्या खोलीत बॅग भरत बसले आहे. तुम्ही गेलात तेव्हा मी नुकतीच तरणतलावावर पोरींना पोहायला शिकवू लागले होते, त्यामुळे पुढचं तुम्हाला काहीच ठाऊक नाही. तुमची मुलगी आता पाठीला हवेचं सिलिंडर बांधून समुद्राच्या तळाशी जाते. इतरांना ते शिकवण्याचा परवाना हवा तर एक परीक्षा द्यावी लागते, तिच्यासाठी जायचं आहे. विहिरीच्या काठावर पाठीला रिकामा डबा बांधून तुम्ही मला पाण्यात ढकललं होतं, त्याची ही वरची इयत्ता समजा. आई मघाशी स्वयंपाकघरातून डोकावली आणि कमरेवर हात ठेवून म्हणाली, "पानीमा जावाले इतलं लागस? तुना बाप ते नुस्ता चड्डीवर उडी मारे." सिलिंडर आणि कमरेला बांधायची शिशाची वजनं तिकडेच मिळतात हे सांगितल्यावर तिला जरा हायसं वाटलं.

पण माझा डोळ्यांवरचा मास्क तिकडे मिळत नाही. माझ्या चष्म्याचा नंबर तुम्हाला माहीत आहे. चष्मा काढला की भिंतीवरचं घड्याळ मला हात लावल्याशिवाय दिसत नाही. त्या नंबरच्या काचा बसवलेला मास्क मुद्दाम करून घ्यावा लागतो. गेल्या वर्षी याच परीक्षेला गेले, तिथे बॅग उघडली आणि त्याची डावी काच तडकलेली निघाली. भाड्याच्या साध्या मास्कने पाण्यात हवेच्या घड्याळाचा काटाच दिसेना. परीक्षक भला माणूस होता, पण म्हणाला, ज्याला स्वतःची हवा किती उरली ते वाचता येत नाही त्याच्या हाती मी दुसऱ्याचा जीव कसा देऊ. बरोबरच होतं त्याचं. हात हलवत परत आले. पुन्हा परीक्षेला बसायची ही शेवटची संधी आहे, म्हणून या वेळी बॅग भरताना तुमची फार आठवण येते आहे.

शिंदखेड्याच्या कोरडवाहू गावातून आलेला माणूस, पण केळीची गाडी भरावी तर तुम्हीच, असं रावेरकडचे बागाईतदार म्हणायचे. शाळेला सुट्टी असली की मी तुमच्याबरोबर यायचे. मी वाळलेली पानं पुरवते आहे, तुम्ही घडावर घड रचता आहात. थराथरात पान, घडाच्या दांड्याजवळ पान, कोपऱ्यात कोंबून पान. एकदा तुम्ही पाणी प्यायला उतरलात, तेवढ्यात एक कोपरा मी भरला, घाईत वीतभर जागा रिकामी ठेवून. तुम्ही वर आलात, हात घालून पाहिलंत आणि सगळ्यांसमोर तो अख्खा थर मला उतरवायला लावलात. मी रडकुंडीला आले. मालक म्हणाला, जाऊ द्या नाना, लहान आहे. तुम्ही त्याच्याकडे बघितलंही नाही. मला म्हणालात, "जे हालनं ते गयं. दिल्लीले जावानं शे. तठे उघाडतीन तवय आपुन जवळ नही ऱ्हाऊत." मग ड्रायव्हरला गाडी चार पावलं पुढे घेऊन करकचून ब्रेक मारायला लावलात आणि स्वतः वर घडांवर पालथे पडून कान लावलात. आत काहीही हललं नाही. तुम्ही भरलेल्या गाडीतला माल डागी निघाल्याची तक्रार मी कधी ऐकली नाही, आणि याचा मला आज जितका अभिमान वाटतो तितका तेव्हा वाटला असता तर बरं झालं असतं.

आज मी तसंच केलंय. तळाला पायात घालायचे रबरी पंजे, त्यांच्या पोकळीत मोजे, बाजूंना गुंडाळलेला पाण्यातला सूट, मधे मास्क. श्वास घ्यायचं यंत्र हातातल्या पिशवीत, कारण ते मी कुणाच्याही हाती सोपवत नाही. टॉर्चची बॅटरीही काढून त्याच पिशवीत घातली, विमानात ती आपल्याजवळच ठेवावी लागते. मग बॅग उभी केली, गादीवर आडवी पाडली आणि कान लावला. आई दारातून बघत होती. हसली नाही. एवढंच म्हणाली, "तुना बापनागत करस."

नाना, तो मास्क सामान चढवणाऱ्यांनी आपटून फोडला, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईलाही. खरं वेगळं आहे. गेल्या वर्षीही मी बॅग तुमच्याच पद्धतीने भरली होती आणि मास्क तुमच्या कामाच्या शर्टात गुंडाळला होता. केळीच्या चिकाचे डाग पडलेला तोच, जो धुऊन धुऊन मऊ झालाय पण डाग काही सोडत नाही. पण टॉर्चची बॅटरी आतच राहिली होती. मुंबईच्या विमानतळावर तपासणीवाल्यांनी बॅग उघडायला लावली. बॅटरी शोधताना शर्ट बाहेर आला आणि फरशीवर पडला. मागे चांगल्या कपड्यांतल्या लोकांची रांग होती. रांगेतल्या एका बाईने तो दोन बोटांनी उचलून विचारलं, हे तुमचं का? मी म्हटलं, फडकं आहे, जुनं. आणि पर्समध्ये कोंबला. मास्क तसाच उघडा, मधल्या रिकाम्या जागेत ठेवून बॅग बंद केली. वीतभर जागा राहिली होती, हे मला कळत होतं.

हे मी आईला अजून सांगितलेलं नाही, आणि तुम्हाला हे पत्र कुठे पाठवू? आज मास्क पुन्हा त्याच शर्टात गुंडाळलाय. उद्या कुणी बॅग उघडायला लावली आणि विचारलं, तर माझ्या वडिलांचा शर्ट आहे म्हणून सांगेन. मघापासून एकटीच ते वाक्य म्हणून बघते आहे.