तीनशे बारा केळींपैकी माझी एक

मी, तेओपिस्ता नान्तेझा, वय एकाहत्तर, व्यवसाय सुईणपण (सरकारी नोंदणीसह), राहणार न्येन्डो, मसाका, आज कुणाच्याही दडपणाखाली न येता आणि कुणी काही पाजलेले नसताना हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. डोळ्यांत मोतीबिंदू आहे, डोक्यात नाही. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. वकीलबाई ॲग्नेस नाम्पिजा यांनी मला तीनदा सांगितले की, "न्याबो, अहो बाई, थोडक्यात लिहा." त्यांच्या जन्माच्या वेळी त्यांनी स्वतः एकोणीस तास घेतले होते, याची मी त्यांना आठवण करून दिली. त्यानंतर मी सांगेन ते सगळे त्या टंकलिखित करत आहेत.

कलम १. माझा एकुलता एक मुलगा देओग्राशियास लुबेगा, कंपालात जमिनींची दलाली करतो. त्याला कालुंगूच्या वाटेवरची दोन एकर जमीन, वडिलांची सायकल, रेडिओ आणि पतपेढीतली शिल्लक मिळावी. ती जमीन त्याने खुशाल विकावी, तिथे काही पुरलेले नाही. बाळाचे ठोके ऐकायचे जे बॅटरीचे यंत्र त्याने मला मोठ्या हौसेने आणून दिले होते, तेही त्याने परत न्यावे. आठ महिन्यांतच त्या यंत्राने मान टाकली.

कलम २. आमच्यात बाईची वारस बाईच असते. माझ्यामागे रिवाजाप्रमाणे झाडाच्या सालीच्या वस्त्रावर बसून वारसाची सुरी आणि टोपली माझ्या भावाची मुलगी प्रॉस्कोव्हिया नामुली (मी तिची सेन्गा, म्हणजे आत्या) हिने घ्यावी. ती सतरा वर्षे माझ्या हाताखाली आहे आणि परीक्षा पास होऊन आता स्वतः सुईण आहे. माझी लाकडी तुतारी तिला मिळावी. ती पोटावर टेकवली की बाळ काय म्हणते ते कळते, बॅटरी लागत नाही. कात्र्या, उकळायचे पातेले आणि माझी आरामखुर्चीही तिचीच. त्या खुर्चीवरून आमचे एकदा भांडण झाले होते, ते इथे नोंदवते.

प्रॉसी म्हणाली, "सेन्गा, बायका कळा देतायत आणि तुम्ही खुर्चीत घोरताय!"

मी म्हटले, "दोन बाळंतपणं लागोपाठ केलीत मी. तिसरीला झोपाळू सुईण हवीय का तुला? ती तू कर."

"आणि मी दमले तर?"

"मग खुर्ची तुझी आणि उठायचं मी."

बेचाळीस वर्षे हे बाळंतघर चालले ते या खुर्चीमुळे. माझ्याबरोबर शिकलेल्या आठजणींपैकी पाचजणींनी चाळिशीतच धंदा सोडला, कारण त्यांना नाही म्हणता येत नव्हते.

कलम ३. पुढची अट प्रॉसीने पाळावी. खाटा तीनच राहतील. देओ म्हणतो वीस कर. वीस खाटांमध्ये कुठल्या बाईला पाणी हवे आहे हे मला ऐकू येणार नाही आणि तिलाही येणार नाही. पैशांचे बोलणे पहिल्या तपासणीलाच करावे. कळा सुरू झाल्यावर बाईशी पैशाचे बोलणारी सुईण मला माझ्या घरात नको.

आणि शंका आली की थांबू नये, मोठ्या दवाखान्यात पाठवावे. एक्क्याण्णव साली मी एक तास थांबले, कारण मला वाटले मला जमेल. आई वाचली, बाळ गेले. मागच्या बागेत चौथ्या रांगेत विहिरीजवळ त्या बाळाची केळ आहे, तिचा घड कुणी उतरवत नाही, पाखरे खातात. मी रोज तिच्याशेजारून जाते. प्रॉसी, ती तशीच राहू दे आणि तिच्याकडे पाहून गाडी लवकर बोलाव.

कलम ४. शेजारीण नाबाचवा हिला मी एक नवा, जाड, चार हात लांबीचा दोर ठेवत आहे. तो तिच्या बकरीसाठी आहे. सव्वीस वर्षे मी सांगत आले, आता वकिलामार्फत सांगते.

कलम ५. आता बागेविषयी, ज्यासाठी हा सगळा खटाटोप आहे.

घरामागे एक एकर केळीची बाग आहे. आज मोजून तीनशे बारा केळी आहेत. बाळाची वार हे बाळाचे जुळे असते, ती आपल्या माणसांच्या केळीच्या मुळाशी पुरायची आणि त्या केळीचा घड फक्त त्या बाळाच्या घरच्यांनीच खायचा. परक्याने खाल्ला तर बाळाला बाधतो. हे इथे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण बाजारामागच्या एका खोलीत भाड्याने राहणाऱ्या बायकांकडे केळ कुठून असणार? एकोणऐंशी साली पहिली बाई हातात मडके घेऊन दारात रडत उभी राहिली. "मुसावो, सुईणबाई, माझ्याकडे तर एक कुंडीसुद्धा नाही. हे कुठे नेऊ?" मी म्हटले, "ये मागे." तेव्हापासून त्या मागे येतच आहेत. घड दिलेले झाड मरते, शेजारी फुटलेला मुनवा उभा राहतो, पण कंद तोच असतो. कुणाचा कुठला, ते माझ्या हिरव्या वहीत रांगेसकट लिहिलेले आहे. ती वही प्रॉसीची.

याचा परिणाम असा झाला की एक एकर केळबागेची मालकीण मी, आणि मातोके, म्हणजे रोजच्या जेवणाची कच्ची केळी, मला बाजारातून विकत आणावी लागतात. भाजीवाल्या बायका चेकाळतात. "न्याबो, बागेत घड लोंबतायत आणि इथे माझ्याशी घासाघीस करताय?" मी म्हणते, "ते माझे नाहीत गं, तुझ्या नवऱ्याचा आहे त्यात एक."

धंदा टिकवायचा कसा, हे मला मुली येऊन विचारतात. त्यांना मी बाग दाखवते. घड तयार झाला की मी निरोप पाठवते. घरची माणसे येतात, इथेच चूल मांडून शिजवतात, पानात वाफवतात, बाळाला केळ दाखवतात. बरोबर नवी सून असते, पोटुशी धाकटी बहीण असते. ती खाटा बघते, धुतलेली चादर बघते, माझे तोंड बघते. पुढचे बाळंतपण इथेच होते. दारावर मी आजवर पाटी लावलेली नाही.

गेल्या फेब्रुवारीत देओ भर दुपारी एका गिऱ्हाइकाला घेऊन आला. श्रीयुत म्पीमा, चकचकीत बूट, हातात मोजायची फीत. रस्त्याला लागून जागा आहे, त्यांना पेट्रोलपंप घालायचा होता.

"आई, एक एकर मातीत तू नुसती केळी पोसतेस. तीही दुसऱ्यांची!" देओ म्हणाला.

म्पीमा म्हणाले, "न्याबो, झाडांची काळजी नको. यंत्र दोन दिवसांत साफ करून देईल."

मी विचारले, "तुझ्या आईचं नाव काय रे बाळा?"

"नाकिन्तु. बाजारामागे कोळसा विकायची. का?"

मी वही उघडली. "त्र्याऐंशी साल, ईस्टरचा सोमवार. तिसरी रांग, आठवी केळ. तुझ्या आईनं तुझ्या बापाला अशा शिव्या घातल्या की पाद्रीबाबा रस्ता ओलांडून पलीकडून गेले. जा, बघून ये. घड तयार झालाय."

तो गेला. बराच वेळ त्या केळीपाशी उभा राहिला, फीत हातात तशीच लोंबत होती. मग त्याने आईला फोन लावला. तासाभरात नाकिन्तु मोटारसायकलवर मागे बसून हजर. उतरायच्या आतच तिने सुरुवात केली, "गाढवा! स्वतःच्या जुळ्यावर पेट्रोलपंप बांधतोस? तेवढ्यासाठी शिकवलं तुला?" संध्याकाळपर्यंत तो घड इथेच शिजला. म्पीमाने दोनदा वाढून घेतले.

देओ जेवला नाही. "आई, तू माझं गिऱ्हाईक पळवलंस," म्हणाला.

"मी काय केलं? मी फक्त वही वाचली."

तो तडक गाडीत बसला. चार महिने झाले, फोन नाही.

म्हणून असे ठरवत आहे की घर, तीन खाटा आणि बाग प्रॉस्कोव्हियाकडे जावी. ती विकण्याचा, गहाण टाकण्याचा किंवा भाड्याने देण्याचा अधिकार तिला नाही. तिच्यामागे ती ज्या सुईणीला निवडेल तिच्याकडे याच अटींवर जावी. ज्याची केळ त्याचा घड, हा रिवाज कायम राहावा.

कलम ६, शेवटचे. देओ, हे तुला लिहिते. तू विकायला आलास याचा मला राग नाही, दलाल विकणारच. मला लागले ते वेगळेच. म्पीमाने त्याची केळ विचारली, तू तुझी विचारली नाहीस.

पहिली रांग, पहिली केळ. बाग तिथून सुरू झाली. सत्त्याहत्तर साली तुझ्या वडिलांनी खड्डा खणला आणि मी खाटेवरून ओरडून सांगत होते, अजून खोल. तीनशे बारांपैकी तेवढ्याच एका केळीचे मला खाता येते, कारण तिथे माझे मूल आहे. दर घडाला मी तुला निरोप पाठवला. तू कामात असायचास. मी एकटीने शिजवून खाल्ले आणि उरलेले दुसऱ्या दिवशीही खाल्ले, कारण कुणाला देता येत नाही. मला ते गोड लागले नाही.

ती केळ आणि तिच्याभोवतीची चार पावले जमीन तुझी, बागेच्या आत कायमची. आत्ता तिच्यावर घड आहे, पंधरा दिवसांत उतरवायला येईल. मी अजून मेलेले नाही. मृत्युपत्र वाचायला येण्यापेक्षा जेवायला ये.

याची एक प्रत देओला टपालाने पाठवावी, मी जिवंत असतानाच.

वकीलबाई सांगतात की साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. खालील दोघांना काही दिलेले नाही. त्यांचे घड पहिल्यापासून त्यांचेच आहेत.

सही: तेओपिस्ता नान्तेझा

साक्षीदार १: ॲग्नेस नाम्पिजा, वकील (सहावी रांग, दुसरी केळ)
साक्षीदार २: लॉरेन्स म्पीमा, व्यापारी (तिसरी रांग, आठवी केळ)

स्थळ: न्येन्डो, मसाका
दिनांक: १४ जून २०१८

प्रत पोचली, २१ जून. आई, शनिवारी येतो. घड तू उतरवू नकोस, कोयता मी आणतो. आणि बाजारातनं काही आणू नकोस.
देओ (पहिली रांग, पहिली केळ)