हातभर धुरा

१४ डिसें.
पेडगावच्या रानात चक्कर. डिसेंबर अर्धा संपला, स्वेटर ट्रंकेतच. दुपारी पंखा. हरभरा वीतभर नाही तोच फुलावर आला. थंडी नाही, दहिवर नाही. मिसरूड फुटायच्या आधीच गडी बाशिंग बांधून तयार. एरवी या दिवसांत ढेकूळ दिसत नाही. यंदा काळी माती सगळी उघडी.

३ जाने.
काल अवकाळी. धो धो. हरभऱ्यानं रान झाकलं असतं तर थेंब पानांवर फुटले असते. मातीवर फुटले. उताराची माती धुरा, म्हणजे दोन रानांमधला बांध, फोडून खाली गौतमच्या रानात. शाळेत एका बाकावरचा. सकाळीच फोन : "पाटील, तुमच्या बापानं हातभर धुऱ्यापायी माझ्या बापाला कोर्टात फिरवलं. आता तुमी अख्खं रानच पाठवायलाव की!"
म्हटलं, ठेवून घे.
"ठिवून काय घे! हरभरा गाडला माझा."
हसला नाही.

५ जाने.
बाबा केस जिंकले तो कोपरा पाहिला. मुरूम उघडा पडलाय. निकाल आमच्याकडं, माती त्याच्याकडं.
घरी बायकोला सांगितलं. सुमन : "गौतमभावजींवर चोरीची केस करा मग." ही बाई डायरी माझ्याहून बरी लिहील.

११ जाने.
गौतम धुऱ्यावर भेटला. म्हणे, "थंडी आता अशीच दगा देणार. धुरा रुंद करू, गवत लावू. पाणी थांबंल, माती बसंल."
कुणाच्या रानातून रुंद? दोघंही आभाळाकडं बघायला लागलो.
"माती तुमची, पाटील."
"गाळ तुला मिळतोय."
"मग हरभऱ्याचं काय, तुमी उकरून देता?"
विषय तिथंच.

१९ जाने.
खुंट्या ठोकल्या. माझ्या रानात, हातभर आत. बाबांनी जेवढ्यासाठी कोर्ट केलं, बरोब्बर तेवढंच. सुमन दोरी धरून उभी : "मामंजी बघत असतील हं."
बघू द्या. मुरूमही बघू द्या. गवताचे ठोंब सांगून ठेवलेत. हे जमणार. आपलं डोकं उशिरा चालतं, पण चालतं.
गौतमनं त्याच्या बाजूनंही हातभर सोडलं तरच पट्टा पुरेल. नाहीतर पुढच्या पावसात माझे ठोंबही त्याच्याच रानात.

२० जाने.
पुन्हा आभाळ. जानेवारीत घामोळं! त्याच्या बाजूला एकही खुंटी नाही. शेवटी मीच फोन केला.
"या चहाला," म्हणाला. "अन् येताना हातोडी आणा."
त्याची खुंटी ठोकायला, की माझी आणखी आत सारायला, ते बोलला नाही.
हातोडी घेतलीय. निघतो. टपोरे थेंब सुरू.