धक्क्यावरचा अर्धा तास

एडमंटन, ९ फेब्रुवारी

प्रिय धम्मप्रिया,

सप्रेम जय भीम.

पोचलो एकदाचे. घरी येऊन दोन दिवस झाले, बॅगा अजून दाराशीच पडल्यात. आतला ओला टॉवेल कुबट वास मारतोय, पण उठवत नाही. ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ होता. शेजारच्या केयाने निम्मा शोव्हल करून ठेवला म्हणून गाडी आत आली, नाही तर मी तिथेच बसकण मारली असती. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत, बाबा जेवून झोपलेत. मराठीत लिहितेय म्हणून कपाळाला आठ्या घालू नकोस. दर शनिवारी बेसमेंटमध्ये बसवून बाबांनी तुला वाचायला शिकवलंय, अडलं तर मोठ्याने वाच. मला हे इंग्लिशमध्ये सांगता येणार नाही. आणि फोनवर तू बोलायला लागलीस की मी हो हो करत सुटते, हे तुलाही माहीत आहे.

आपलं काय ठरलं होतं ते आधी लिहिते, म्हणजे मागाहून वाद नको. डॉक्टरांनी डिमेन्शिया सांगून दोन वर्षं झाली, केअर होममध्ये खोली रिकामी झाल्याचा फोन आला, आणि तू व्हँकुव्हरहून रडून नुसता गोंधळ घातलास. म्हणालीस, आधी बाबांना थायलंडच्या त्या बेटावर घेऊन जा, कोमट पाण्यात, माशांमध्ये ते खुलतात की नाही बघ. प्रवास नीट झाला तर बाबा घरीच राहतील. नाही झाला तर मी एक शब्द काढणार नाही. मी कबूल केलं. त्रेचाळिसाव्या वर्षी तुझ्यासोबत कम्युनिटी पूलमध्ये पोहायला शिकलेला माणूस तो. लायब्ररीतून माशांची पुस्तकं आणायचे आणि रिटायर झालो की बघायचेच म्हणायचे. तेवढं तरी व्हावं, असं मलाही वाटत होतं गं.

पण तू आखलेला तो प्रवास! बाबांना ट्रेन आवडते म्हणून बँकॉकच्या पुढे विमान नको, हे तूच ठरवलंस. इथून तिथवर विमानं बदलत, मग आठ तास ट्रेन, मग बस, मग अडीच तास बोट. चार दिवस मी त्यांचा हात सोडला नाही. ते वॉशरूमला गेले की मी दाराबाहेर जीव मुठीत धरून उभी, आतून कडी लावून बसले तर काय करायचं म्हणून. ट्रेनमध्ये दर दहा मिनिटांनी, गावी निघाल्यासारखे, विचारायचे, वर्धा आलं का. पहिल्यांदा मी समजावलं, मग खेकसले, शेवटी मीही म्हणू लागले, येईल हो आता. बोटीवर लाटा अशा की पोटातलं सगळं बाहेर. ते मात्र मजेत. मी कठड्याला धरून ओकतेय आणि ते माझी पाठ चोळताहेत. तेवढ्यावर मी बाकीचं सगळं माफ केलं.

बेटावरचे फोटो तू पाहिलेस. ते खोटे नाहीत. मास्क लावला, नळी तोंडात धरली आणि बाबा पाण्यावर पालथे पडले, ते पाऊण तास वर येईनात. बोटवाल्याने त्यांचा हात धरला होता. पाण्याखाली कोणी नाव विचारत नाही, आज वार कुठला म्हणत नाही. बोट दाखवायचं, दुसऱ्याने मान हलवायची, झालं. वर आले तेव्हा चेहरा असा उजळला होता की मला वाटलं, धम्मू जिंकली. रागही आला, सांगायला लाज वाटते. चार दिवस मरमर मी करायची आणि हसू त्या बोटवाल्याला! तू लगेच मंडळाच्या ग्रुपवर फोटो टाकलेस, सगळ्यांनी अभिनंदन केलं, नीलिमाताईंनी लिहिलं, यशोधरा, तू खरी हिमतीची.

आता फोटोत नाही ते ऐक. तिथे बोटीत चढवण्याआधी प्रत्येकाच्या शर्टावर स्टिकर लावतात. लाल म्हणजे आमची बोट, पिवळा म्हणजे दुसऱ्या बेटाची. परतीच्या दिवशी बाबांना बाकावर बसवलं, त्यांचा लाल स्टिकर नीट दाबला आणि मी समोरच्याच वॉशरूममध्ये गेले. बाहेर आले तर बाक रिकामा. चौदा एप्रिलला हॉलच्या दारात उभं राहून ते पाहुण्यांना बिल्ले लावायचे, आठवतं? कमी पडला की स्वतःचा काढून द्यायचे. तिथे एक छोटी मुलगी स्टिकर हरवला म्हणून रडत होती. बाबांनी आपला काढून तिच्या फ्रॉकवर लावला, असं तिच्या आईने मला खुणांनी सांगितलं. मग निघालेल्या कुठल्याशा गर्दीबरोबर तेही निघाले. अर्धा तास मी उन्हात ओरडत फिरले. आमची बोट सुटली. दुसऱ्या धक्क्यावर, पिवळ्या स्टिकरवाल्यांच्या रांगेशेजारी सापडले, शांत बसलेले. मी समोर उभी राहून ढसाढसा रडले. ते उठले, स्वतःची जागा मला दिली आणि हिंदीत म्हणाले, बैठिए बहनजी, आपका भी कोई खो गया क्या? परका भारतीय भेटला की बोलतात तसं. चाळीस वर्षांच्या संसारात माझ्याशी इतक्या अदबीने कधी बोलले नव्हते. मीही हिंदीतच म्हटलं, हां जी, मिल गये. संध्याकाळपर्यंत मी पुन्हा त्यांची यशोधरा झाले होते.

काल बाबांना बरोबर घेऊनच केअर होममध्ये गेले आणि कागदांवर सही करून आले. हेच सांगायला एवढं लिहिलं. एक मार्चला खोली मिळेल, एलआरटीच्या ट्रेनने वीस मिनिटं, मी रोज जाईन. तू म्हणशील, बाबा पाण्यात एवढे खुलले, मग ठरल्याप्रमाणे ते घरीच राहायला हवेत. खरं आहे, शब्द मी मोडला. ते मला बहनजी म्हणाले म्हणून नाही. ते मी सोसलं असतं. पण त्या अर्ध्या तासात, उन्हात त्यांना हाका मारताना, एकदा, फक्त एकदा माझ्या मनात आलं की नाही सापडले तर आज मी झोपेन. धम्मू, त्या बाईच्या भरवशावर मी तुझ्या बाबांना ठेवणार नाही.

तुझीच,
आई