घंटाचोरांचं दार

हाल रुम्मीन,
मे महिन्याची अखेर

प्रिय वेन्झूमामा,

“निकाल इतक्या लवकर कसा लागला?” असं तुम्ही परवा मेलबर्नहून फोनवर विचारलंत, तेव्हा चेन्सामावशीनं फोन माझ्या हातात कोंबला. मीही ‘पत्रानं कळवते’ म्हणून वेळ मारून नेली. खरं तर न्यायमंत्र्यांना संसदेत विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं लिहिणं हीच माझी नोकरी. पण तिथे सगळे विचारतात, निकाल लागत का नाही. लवकर का लागला म्हणून तक्रार करणारे तुम्ही पहिलेच. तेव्हा उत्तर राहू द्या, झालं ते सांगते.

पण आधी रीतीप्रमाणे तुमचा आशीर्वाद मागते. तुमचा गुडघा कसा आहे? मॉरीनमामींना आपल्या माल्टाचं ऊन अजूनही सोसत नाही का? इकडे आई मजेत आहे. चेन्सामावशीची तब्येतही उत्तम आहे, फक्त ती माझ्याशी धड बोलत नाही. रविवारी सशाचं कालवण करते आणि माझ्या ताटात तेवढे बटाटे वाढते. (मी मागितलं तर म्हणते, “पदवीधरांना मांस पचत नाही.”) घरातली पहिली पदवीधर म्हणून आईनं माझा टोपी घातलेला फोटो संतांच्या तसबिरीशेजारी लावला होता. मावशी आली की तो भिंतीकडे तोंड करून ठेवते. संतांना काही करत नाही.

तर आमचं कार्यालय. तिथले मुख्य कारमसाहेब म्हणजे फार सज्जन माणूस. त्यांच्याकडे कोणत्याही प्रश्नासाठी तीन उत्तरं तयार असतात: ‘माहिती गोळा करणं चालू आहे’, ‘प्रकरण न्यायप्रविष्ट आहे’ आणि ‘उत्तर पुढच्या एका बैठकीत देण्यात येईल’. आलटूनपालटून वापरायची, म्हणजे विरोधकांना कंटाळा येत नाही. मी रुजू झाले त्या दिवशी त्यांनी मला चीज भरलेले खुसखुशीत पास्तिझ्झी खाऊ घातले आणि समजावलं, “पोरी, प्रश्न म्हणजे पाहुणा. त्याला खुर्ची द्यायची, पाणी द्यायचं, हसून दारापर्यंत पोचवायचं. जेवायला बसवायचं नाही.” मला हे पटलं नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसानं प्रश्न विचारला तर त्याला उत्तर मिळालं पाहिजे, असं मला वाटायचं. (अजूनही वाटतं, पण आता मी ते बटाटे खाताना मनातल्या मनात म्हणते.)

अशात विरोधी बाकांवरच्या बुहाजारबाईंचा प्रश्न आला: आपल्या न्यायालयांत सर्वांत जुना पडून राहिलेला दिवाणी खटला कोणता, आणि तो का रखडला? कारमसाहेबांनी दुसरं उत्तर काढलं, आणि मी उठून थेट न्यायालयात गेले. तिथल्या माणसानं धूळ झटकून फाइल पुढे ठेवली. वर तुमचं नाव! भाऊ वादी, बहीण प्रतिवादी, विषय: आजोबांच्या घराच्या दोन वाटण्यांमधलं दार. मामा, मला रडूच आलं. मी पाळण्यात असल्यापासून हा खटला ऐकतेय. दार कोणाच्या मालकीचं यावरून तुमचं मावशीशी वाजलं, तुम्ही कुलूप घालून किल्ली मेलबर्नला नेलीत, मावशीनं आपल्या बाजूनं त्याला भलं मोठं कपाट टेकवलं, आणि तेव्हापासून तुम्ही बिचारे दर दोन वर्षांनी एवढा समुद्र ओलांडून तारखेला येता आणि पुढची तारीख घेऊन परत जाता. लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या दिवशी पांढरा झगा घालून चर्चमध्ये उभी असताना मी मनात शपथ घेतली होती की मोठी होऊन मामाला न्याय मिळवून देईन. (बाकीच्या मुली पाप करणार नाही म्हणत होत्या. ते त्या मानानं सोपं.)

मग तुम्ही पदवीच्या वेळी पाठवलेल्या पेनानंच मी खरंखुरं उत्तर लिहिलं. त्यात नाव नाही, गाव नाही, आडनाव नाही. फक्त ‘एक भाऊ, एक बहीण, एक दार’. कारमसाहेबांनी वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं. म्हणाले, “यात तर उत्तर आहे!” मग स्वतःशीच हसले आणि म्हणाले, “जाऊ दे. मंत्रीसाहेब वाचतात थोडंच? वाचून दाखवतात फक्त.”

आमचे मंत्री डॉ. कामेंझुली तुम्हाला माहीत आहेतच. दर वर्षी गावच्या संताच्या सणाला येतात, वरच्या आळीच्या बँडवाल्यांकडे एक आणि खालच्या आळीच्या बँडवाल्यांकडे एक असे मोजून दोन पेले घेतात, म्हणजे कोणी रुसायला नको. कायद्याचं पुस्तक त्यांनी शेवटचं कधी उघडलं ते देव जाणे, पण मतदारसंघातल्या प्रत्येक घराण्याचं टोपणनाव त्यांना तोंडपाठ आहे. त्यांनी माझं उत्तर छान, गंभीर आवाजात वाचायला सुरुवात केली. सभागृह चकित झालं, कारण उत्तर येईल अशी कोणालाच अपेक्षा नव्हती. ‘एक भाऊ, एक बहीण, एक दार’ इथे आले आणि थांबले. चेहरा उजळला. कागद खाली ठेवून म्हणाले, “अहो सभापतीसाहेब, हे तर आमचे घंटाचोर!”

मामा, आपल्या घराण्याचं टोपणनाव न्यायखात्याच्या प्रश्नोत्तरांत, रेडिओवर, अख्ख्या देशासमोर! (पणजोबांनी चर्चची घंटा चोरली नव्हती, दुरुस्तीला नेली होती, हे गावात आता सांगायला गेलं तर आणखीनच हसतात.) दोन्हीकडची बाकं वाजली. कोणीतरी ओरडलं, “घंटा मिळाली का?” मंत्री म्हणाले, “घंटा राहू द्या, चेन्साच्या हातचे पास्तिझ्झी खाऊन बघा आधी!” आणि त्या रंगात बुहाजारबाईंनी उपप्रश्न टाकला, “मग निकाल कधी?” कारमसाहेब मागून तिसरं उत्तर हातानं खुणावत होते. पण मंत्रीसाहेब खुशीत होते. “यंदाच्या सणाच्या आत,” ते म्हणाले. “शब्द देतो!”

आता मंत्री न्यायाधीशांना हुकूम देऊ शकत नाहीत, हे मी परीक्षेत तीन पानं लिहून आले आहे. पण न्यायाधीशांच्या घरीही रेडिओ असतो. त्यांना कोणी हुकूम दिला नाही, नुसते लोक रस्त्यात विचारू लागले: बेकरीत, न्हाव्याकडे, चर्चमधून बाहेर पडताना. दुसऱ्याच आठवड्यात तारीख लागली, तुमच्या वकिलांना कोट शोधायलाही वेळ मिळाला नाही, आणि एका सकाळी निकाल झाला. दार दोघांचं. कुलूप काढा, कपाट हलवा, दार उघडं ठेवा.

मी नाचत मावशीच्या घरी गेले. मावशी स्वयंपाकघरात रेडिओ बंद करून बसली होती. मी म्हटलं, “मावशी, न्याय मिळाला!” तिनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच ती घंटा चोरली होती.

“शहाणे,” ती म्हणाली, “तुला कोणी सांगितलं होतं मिळवायला?”

“अगं, इतकी वर्षं कोर्टानं तुम्हाला रखडवलं...”

“कोर्टानं?” मावशी उसळली. “कोर्ट बापडं दर वेळी निकालाला तयार! आमचे दोघांचे वकील जाऊन पुढची तारीख मागायचे, आणि मागायचे ती सणाच्याच आठवड्यातली. मॉरीन सणासाठी त्याला विमानात बसू देईल का? पण कोर्टाची तारीख म्हटली की तीच त्याची बॅग भरते. तारखेला आम्ही एका गाडीतून जायचो, कोर्टात एकमेकांकडे बघायचो नाही, आणि येताना पास्तिझ्झी खायचो. आता ये म्हणून मी त्याला कोणत्या तोंडानं सांगू? भाऊ आहे म्हणून?”

ती खरंच रडली, मामा. आणि परवा फोनवर तुम्ही मला म्हणालात, “बरं झालं, सुटलो एकदाचा. या वर्षी काही येणं होत नाही. किल्ली टपालानं पाठवतो.” सुटलेल्या माणसाचा आवाज असा नसतो. मी कायदा शिकले आहे, पण तेवढं मलाही कळतं.

तेव्हा झालेल्या न्यायाबद्दल मला माफ करा. मॉरीनमामींना नमस्कार सांगा, पण हे पत्र दाखवू नका.

तुमची, बटाट्यांवर दिवस काढणारी भाची,
ग्रात्सिएला

ता. क. मंत्रीसाहेब तुमच्यावर फार खूश आहेत. दार उघडताना स्वतः हजर राहून चार शब्द बोलणार म्हणतात. दोन्ही बँडना बोलावलंय. कपाट हलवायला मात्र कोणी पुढे आलेलं नाही.

ता. क. पुन्हा. बुहाजारबाईंनी आता विचारलंय की या महिन्यात न्यायालयात नवे खटले किती दाखल झाले आणि ते टाळता आले नसते का. मी कारमसाहेबांकडून पहिलं उत्तर मागून घेतलं. ते इतके खूश झाले की म्हणाले, “आता तुला नोकरी कळली!” आकडा मला माहीत आहे, आणि त्यातला एक खटला का टाळता आला नाही हेही माहीत आहे. तोच सांगायचा राहिला.

ता. क. शेवटचं. किल्ली टपालानं पाठवू नका, आम्ही घेणार नाही. निकालात ‘कुलूप काढा’ म्हटलंय. कोणी काढायचं ते न्यायाधीश घाईत विसरले. तेव्हा ज्यानं घातलं त्यानंच जातीनं येऊन काढावं, असा दावा मी तुमच्याच पेनानं लिहिला आणि मावशीनं चष्मा न लावताच सही केली. काल तिच्या वकिलांबरोबर जाऊन मी तो दाखल केला. पहिली तारीख सणाच्या आठवड्यात मिळाली आहे, आणि मॉरीनमामींना लांबूनही दिसावा म्हणून समन्सवरचा लाल शिक्का मी दोनदा मारून घेतला.