दारातला नमुना

३ जून

चि. धाकटीस अ. आ.

मंगळवारी सकाळी अंघोळ करून, देवापुढे हात जोडून मी परसात बसलो आणि एका काळ्या शिळेवर स्वतःचं नाव कोरलं. तू आखून दिलेल्या वर्षभराच्या मार्केटिंग प्लॅनमधलं पहिलं काम पुरं झालं, हे कळवायला हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहितो.

प्लॅन भिंतीवर लावला आहे. बारा महिन्यांच्या बारा चौकटी आणि प्रत्येकीचा रंग वेगळा. तुझी वहिनी म्हणाली, एवढे रंग या घराने कधी पाहिले नव्हते. जूनच्या चौकटीत लिहिलं आहेस, दारात नमुना ठेवणे. घरांवरच्या पाट्यांचे नमुने होतेच, पण तू गेलेल्या माणसांच्या स्मरणशिळांवर भर द्यायला सांगितलंस, कारण त्या धंद्याला म्हणे मंदी नसते. आता त्या नमुन्यावर नाव कोणाचं घालायचं? मनाने रचलेलं नावही जगात कोणाचं तरी असणार, आणि त्या बिचाऱ्याला जिवंतपणी दगडात घालायचा मला काय अधिकार? पुष्कळ विचार केला. हक्काचं असं एकच नाव सापडलं. नाव, जन्मतारीख, एक आडवी रेघ आणि पुढे मोकळी जागा. ती जागा देवाच्या अखत्यारीतली, म्हणून सोडली.

मालक दिसला की दुकान लहान वाटतं, असंही तू लिहिलं आहेस. तेव्हा मी पुढे बसणं बंद केलं. परसात काम करतो आणि मागच्या बोळातून ये-जा करतो. पुढे वहिनी बसते.

समोरचा काचवाला मशीनवर काचेची पाटी कोरून गिऱ्हाइकाचा चहा संपायच्या आत हातात देतो. माझा एका ओळीला दिवस जातो. वर्षअखेरीपर्यंत कामं वाढली नाहीत तर दुकान बंद करून ठेकेदाराकडे फरश्या घासायला जावं लागेल, हे तुला ठाऊक आहे. म्हणून तुझं मुकाट ऐकतो आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, चौकटी वाढवू नयेत.

तुझा
दादा

१२ जून

ती. दादास सा. न.

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. नमुन्यावर स्वतःचं नाव! आमच्याकडे याला प्रामाणिक ब्रँडिंग म्हणतात आणि त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा लागतो. साहेब म्हणाले, तुझ्या भावाला इकडे आण. मी म्हटलं, तो आला तर तुमच्या खुर्चीची पाठ कोरून ठेवील.

आता जुलैची चौकट. जुन्या गिऱ्हाइकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा पाठवायच्या. वहिनीने कामाच्या चिठ्ठ्यांचे फोटो पाठवले आहेत. त्यांत नाव, जन्मतारीख, फोन सगळं आहे. आणखी एक तारीख दिसते, ती बहुधा तू काम पुरं केल्याची असावी. काहींच्या बाबतीत तू फारच लांबवलेलं दिसतं, जन्मतारखेनंतर ऐंशी वर्षं, पण ते कॉम्प्युटर बघून घेईल. मेसेज तुझ्या नावाने जातील. एकदा लावून ठेवले की आपण झोपलो तरी ते जातात. पुढचं आधी ठरवून ठेवण्याची मजा हीच.

काही हरकत असेल तर लगेच कळव. उत्तर आलं नाही तर तुझा होकार समजते.

वहिनीला म्हणावं, गल्ल्यावर बसल्यावर जरा हसावं. लोभ असावा, आणि राग असलाच तर तोही चौकटीत मावेल एवढाच असावा.

तुझी
धाकटी

२४ जुलै

चि. धाकटीस अ. आ.

तुझं पत्र बरेच दिवसांत नाही. माझी खुशाली सांगायची तर मी गेलो, हे मला प्रथम दूधवालीकडून कळलं. मागच्या बोळात मला बघून ती किटली सोडून मटकन खाली बसली.

गल्लीने नमुना वाचला होता. मी पुढे दिसेनासा झालोच होतो. पुढची तारीख कोरी का, याचंही उत्तर लोकांनी आपसांत काढलं होतं. ती कोरणारा एकच माणूस, आणि तोच गेला. वहिनी पुढे बसून कधी हसली नाही, त्यामुळे कोणाला शंका उरली नाही. लोक येऊन तिला हात जोडून जायचे. तिला वाटलं, तुझ्या प्लॅनमुळे गिऱ्हाइकं सभ्य झाली. काचवाल्याने तर आपल्या दारात मला श्रद्धांजलीची पाटी लावली आणि खाली स्वतःचा फोन नंबर टाकला. पुढचं बघण्यात तो तुझ्याही पुढे आहे.

हसू नकोस. ठरलेली कामं त्याच्याकडे गेली. शाळेच्या नव्या इमारतीची मोठी पाटी, जिच्यावर आमचं पुढचं वर्ष उभं राहायचं होतं, तीसुद्धा. कोरणाराच गेला म्हटल्यावर शाळेने तरी काय करावं? वहिनी दोन्ही वेळा मला ताट वाढते, पण बोलत नाही. तिच्या मते विधवा म्हणून तिची जास्त विचारपूस झाली.

एवढ्यात तुझ्या जुलैच्या चौकटीप्रमाणे माझ्या नावाने लोकांना मेसेज येऊ लागले. अगं, वहिनीने तुला पाठवलेल्या त्या चिठ्ठ्या स्मरणशिळांच्या होत्या. मेलेल्या माणसाने मेलेल्यांना उदंड आयुष्य चिंतलं, आणि पुन्हा सेवेची संधी द्यावी अशी विनंतीही केली. पेन्शनीत गेलेले हेडमास्तर काठी आपटत आले. त्यांच्या गेलेल्या पत्नीला शुभेच्छा आल्या होत्या. वहिनीने त्यांना परसात आणून माझ्यासमोर उभं केलं. आधी ते दचकले, मग खूप बोलले, मग दगडाच्या ढिगावर बसले आणि म्हणाले, “तिचा वाढदिवस आता कोणाच्याच लक्षात नसतो. तुझ्या तरी राहिला.” लक्षात माझ्याही नव्हता, ते खोटं मला गिळवत नव्हतं. शेवटी सांगून टाकलं, की हे काम माझ्या बहिणीच्या कॉम्प्युटरचं. ते म्हणाले की बहिणीला नमस्कार सांग.

तो पोचवला. आता तो कॉम्प्युटर थांबव. लोभ जिवंत आहे, माझ्यासारखाच, पण चौकशी करावी लागेल.

तुझा
दादा

३१ जुलै

ती. दादास सा. न.

तुझं पत्र काल मिळालं. वाचता वाचता हसले, लाजले आणि आधी मेसेज बंद केले. आज माझं जूनमधलं पत्र परत आलं. तुमच्या नव्या टपालवाल्याने दारातली शिळा वाचली असणार, कारण पाकिटावर लाल शाईत शेरा आहे, घेणारा मयत. म्हणजे तुझा होकार मी समजले तो असा.

दादा, तू धडधाकट आहेस हे कालच कळलं होतं. तरी तो शेरा वाचून ऑफिसच्या जिन्यात बसून राहिले. साहेबांना सांगितलं, तर ते आनंदाने उभेच राहिले. मरणाच्या दारातून परतलेला कारागीर, अशी मोहीम करू, शिळेशेजारी तुला बसवू, व्हिडिओ काढू, डिसेंबरपर्यंतचं आत्ताच ठरवू, असं म्हणत होते. मी त्यांना पहिल्यांदाच नाही म्हटलं. नाहीच म्हणायचं होतं तर मला सांगितलंसच कशाला, असं त्यांनी सुनावलं.

तू फक्त एक कर. ती शिळा फोडून टाक. दुकानाचं काय ते मागाहून बघू. वहिनीच्या पाया पडते. लोभ ठेव, आणि पत्राचं उत्तर दे, म्हणजे दे.

तुझी
धाकटी

१४ ऑगस्ट

चि. धाकटीस अ. आ.

शिळा फोडली नाही. दगड चांगला आहे, त्याने कोणाचं काय बिघडवलं? पण काय करावं हे मनात घोळत होतं, ते गेल्या आठवड्यात दोन दिवस बसून केलं. शिळा उलटी केली आणि मागच्या बाजूला कोरलं, ‘येथे दगडावर अक्षरे कोरून मिळतात. कोरणारा हयात आहे.’ मग ती दारात उभी केली आणि तिच्याशेजारी मी स्वतः बसलो. दुकान लहान वाटत असेल तर वाटो. ते लहानच आहे.

शाळेची पाटी परत मिळाली. हेडमास्तर शाळेत जाऊन बोलले. शोक करायला येऊन गेलेली माणसंही आता काम विचारतात. मी घराच्या पाट्याही करतो हे निम्म्यांना ठाऊक नव्हतं. लोकांना सांगावं लागतं, हे तुझं म्हणणं खरं ठरलं. काचवाल्याने श्रद्धांजली उतरवली, ती मी मागून घेतली. वहिनीने पाण्याच्या पिंपाला तिचं झाकण केलं आहे.

प्लॅन काढला. जुलैची चौकट तेवढी कापून ठेवली. त्या त्या दिवशी त्या त्या घरी मी हाताने चार ओळी लिहीन, गेलेल्या माणसाची आठवण म्हणून. उदंड आयुष्य चिंतणार नाही.

माझं नाव आता भिंतीकडे तोंड करून आहे. लागेल तेव्हा शिळा नुसती फिरवायची. एवढं पुढचं ठरवणं मलाही जमलं. फक्त रेघेपुढची तारीख मला कोरता येणार नाही, म्हणून आज दुपारी तुझ्या वहिनीच्या हातात छिन्नी दिली. ती आता बोलते. तिचे आकडे वाकडे येतात. मी सांगितलं आहे, सावकाश शीक, घाई नाही.

लोभ करतेसच, तो असाच बिनमुदतीचा राहू दे.

तुझा हयात
दादा